परत आलेलं जॉर्डन

खेळाडूंची छापील कार्डं जमवायच्या आणि विकायच्या धंद्यात खोटं कार्ड विकत घेऊन फसलेल्यांचे किस्से ढिगाने ऐकायला मिळतात. माझं झालं उलटं. मी खरं कार्ड विकलं आणि खोटं परत मिळालं. कार्ड गेलं, पैसे गेले, वर बनावट माल विकणारा म्हणून खात्यावर शेरा बसला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ग्रेड केलेली, म्हणजे कंपनीने तपासून दर्जाचा आकडा दिलेली कार्डं घेऊन पुढे विकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण यात फसायला स्वस्तातल्या सौद्याची हाव वगैरे काही लागत नाही.

कार्ड होतं बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं, फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या संचातलं, ५७ नंबरचं. १३२ कार्डांच्या त्या संचात सगळ्यांना हवं असतं ते हेच, आणि त्याच्या नकलाही कित्येक वर्षांपासून बाजारात फिरताहेत. म्हणून जाणकार लोक ते शक्यतो सुटं घेत नाहीत. पीएसए, बेकेट, एसजीसी अशा कंपन्या कार्ड तपासतात, एक ते दहामधला ग्रेड देतात आणि प्लास्टिकच्या कडक डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये सीलबंद करतात. लेबलवर सर्टिफिकेटचा नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की कार्डाची नोंद समोर येते. माझं कार्ड पीएसए ८ होतं, स्लॅब जुना, नंबर टाकला की नोंद बरोबर यायची. फक्त जुन्या नोंदींसोबत बऱ्याचदा कार्डाचा फोटो नसतो, तसा याच्याही नव्हता. पुढचा सगळा खेळ याच फटीतून झाला.

विक्रीला लावताना मी पुढून-मागून स्वच्छ फोटो टाकले, नंबर ठळक दिसेल असे. गिऱ्हाईक तेच मागतं, नंबर झाकला तर संशय घेतं. कार्ड ठरलेल्या भावाला गेलं, पार्सल पोहोचलं, सही झाली. काही दिवसांनी तक्रार आली, ‘स्लॅब बनावट आहे, आतलं कार्डही बनावट आहे.’ सोबत फोटो. स्लॅब अगदी माझ्यासारखा, नंबर माझाच. आणि कार्ड खरोखरच नकली!

रिटर्न माझ्या हातात आलं तेव्हा दहापट भिंगाखाली धरलं. जुन्या ऑफसेट छपाईत रंगीत भागात ठिपक्यांची फुलं फुलं दिसतात, पण काळी रेघ आणि काळी अक्षरं सलग शाईची असतात, कडा धारदार. कार्ड स्कॅन करून छापलं की रेघसुद्धा ठिपक्यांचीच बनते. इथे तसंच होतं, पाठीमागचा मजकूर भिंगाखाली पिठासारखा विस्कटलेला. लेबलवरच्या अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त. आणि मुख्य म्हणजे सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलंय ते. माझ्या कार्डाची डावी पांढरी कड उजवीपेक्षा डोळ्यांना सहज कळेल इतकी अरुंद होती. परत आलेल्याच्या दोन्ही कडा जवळपास सारख्या. नकलाकाराने निदान वाकडी नक्कल तरी शोधायची!

म्हणजे झालं असं. माझ्या लिस्टिंगमधल्या फोटोवरून नंबर उचलायचा, तसं लेबल छापायचं, एखादी नक्कल बनावट स्लॅबमध्ये घालून तयार ठेवायची आणि मग खरेदी करायची. खरं कार्ड ठेवून घ्यायचं, तयार ठेवलेलं परत पाठवायचं. तक्रार आल्या दिवसाचा फोटो पाहता माल आधीच तयार होता यात मला शंका नाही.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून कडांचा फरक आखून दाखवला. ज्या विक्री-मंचावर व्यवहार झाला, तिथून उत्तर आलं की दोन्ही फोटोंत सर्टिफिकेट नंबर एकच असल्याने वस्तू तीच आहे. नंबर नक्कल करता येतो, हाच तर माझा मुद्दा! दुसऱ्यांदा अपील केलं, तेच वाक्य पुन्हा. सेंटरिंग म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस त्या बाजूला होता की नाही, देव जाणे.

लोक स्लॅबला देव मानतात, त्याचं मला आता हसू येतं. पीएसएने १९९१ साली ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, टी२०६ या जुन्या मालिकेतलं. त्याला ८ मिळाला. ते कार्ड नवं दिसावं म्हणून कडेने कापलेलं होतं, हे कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये स्वतःच कबूल केलं, आणि लिलावांतल्या खोट्या बोलींच्या प्रकरणात २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. निदान तिथे स्लॅब तरी खरा होता.

आता मी पाठवण्याआधी स्लॅब तिरप्या उजेडात धरून फोटो काढतो. प्लास्टिकवरचे ओरखडे, कोपऱ्यातले टवके, सांध्याजवळचे बुडबुडे, हे सगळं दिसेल असं. हे फोटो लिस्टिंगमध्ये टाकत नाही, स्वतःजवळ ठेवतो. लेबल छापता येतं, पण न पाहिलेले ओरखडे कुणी कसे छापणार? पॅकिंगचा आणि परत आलेलं पार्सल उघडण्याचा व्हिडिओ न तोडता काढतो. नंबरचे शेवटचे आकडे लिस्टिंगमध्ये झाकतो आणि खरं गिऱ्हाईक वाटलं तर मेसेजवर देतो. यामुळे काही गिऱ्हाइकं हातची जातात, जाऊ देत. महागडं कार्ड शक्यतो अशाच ठिकाणी विकतो जिथे माल गिऱ्हाइकाकडे जाताना आणि रिटर्न येतानाही मध्ये तपासला जातो. आणि स्वतः कार्ड घेताना, ओळखीतल्या पेमेंटच्या सोयीने पैसे पाठवा म्हणणाऱ्याला सरळ नकार. पेपॅलवर ‘मित्र आणि कुटुंब’ म्हणून पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं.

नंबर बनावट स्लॅबवर वापरला गेल्याचं मी ग्रेडिंग कंपनीला कळवलं आहे. त्याने माझं कार्ड परत येईल असं नाही. चोर ते स्लॅबमधून फोडून काढेल, सुटं पाठवून नवा नंबर घेईल, आणि जुन्या नंबरचा संबंधच उरणार नाही. म्हणून कार्डाची खूण सांगून ठेवतो. डावी कड अरुंद, वरचा डावा कोपरा किंचित बोथट, आणि पाठीमागे खालच्या कडेजवळ छपाईतलाच एक निळा ठिपका. असं ५७ नंबरचं जॉर्डन नव्या लेबलमध्ये विक्रीला दिसलं, तर घेण्याआधी विकणाऱ्याला जुना नंबर विचारा आणि मला फोटो पाठवा.