देवपूर, धुळे : मंगल कार्यालयावरचा छोटा हॉल, चर्चा घ्यायची असेल तर डोळे झाकून घ्या

लग्न, साखरपुड्याचे रिव्ह्यू भरपूर आहेत, मी सभेसाठी घेतला होता म्हणून लिहितोय. मागच्या रविवारी आम्ही जनसुरक्षा कायद्यावर (नक्षलवादी संघटनांना आवर घालायला म्हणून राज्य सरकारने आणलेला) खुली चर्चा ठेवली होती, विरोधातलीच, हे हॉलवाल्या दादांना पहिल्याच फोनवर सांगितलं. कारण आधी दुसऱ्या एका ठिकाणी बुकिंग झालं होतं आणि दोन दिवस राहिले असताना "वरून प्रॉब्लेम होईल" म्हणून कॅन्सल केलं. डिपॉझिट परत दिलं पण पत्रकं वाटून झालेली, साक्री शिरपूरकडच्या लोकांना निरोप गेलेले. ज्या खान्देशात 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तिथं 70-80 माणसांना बसून बोलायला जागा मिळू नये ह्याचं फार वाईट वाटलं.

इथल्या दादांनी एवढंच सांगितलं की विषय लिहून अर्ज द्या आणि पोलीस स्टेशनला दिलेल्या पत्राची एक कॉपी मला ठेवा. भाडं दिवसाचं साडेतीन हजार, जनरेटर धरून, नंतर एक रुपया वाढवला नाही.

हॉलची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे स्टेज नाही. खुर्च्या प्लास्टिकच्या, हलक्या, आम्ही आठ आठ जणांचे गोल केले आणि प्रत्येक गोलाला कायद्याच्या एकेका कलमाची झेरॉक्स दिली, आधी मोठ्याने वाचायचं मग बोलायचं. भाषण कोणाचंच नाही. एक गोल तर तासभर "तत्सम" ह्या एकाच शब्दावर अडकला. 2024 च्या विधेयकात कोणाची बेकायदा कृत्यं रोखायची तिथं व्यक्ती आणि संघटना असं होतं, 12 हजारांवर सूचना आल्या, संयुक्त समितीने ते बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं केलं आणि जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहात पास झालं. आता तत्सम म्हणजे कोण, हे ठरवणार सरकारच. वनहक्काच्या दाव्यासाठी मोर्चे काढणाऱ्या पिंपळनेरकडच्या एक आजी इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या "माले बी बोलनं शे", आणि त्यांनी सरळ विचारलं की आमचा मोर्चा तत्सम मधी येतो का. कोणालाच ठामपणे नाही म्हणता आलं नाही.

एक रिटायर्ड पोलीस काका पण आले होते, गडचिरोलीत ड्युटी केलेले. ते म्हणाले माझ्या सोबतची पोरं सुरुंगात गेली, तुम्ही इथं पंख्याखाली बसून कायदा नको म्हणता. सगळे शांत झाले. मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तेच होतं, आणि त्यांना कोणी खाली बसवलं नाही ह्याचा मला अभिमान आहे. मग एका वकील ताईंनी सांगितलं की काका, बंदूक घेणाऱ्यासाठी 1967 चा यूएपीए आहे (बेकायदा कृत्यांविरुद्धचा केंद्राचा कायदा), 1999 चा मकोका आहे (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा), आमचं भांडण ह्याच्याशी आहे की इथं बेकायदा ठरवलेल्या संघटनेचे सदस्य नसताना नुसती मदत केली, आसरा दिला तरी 2 वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा अजामीनपात्र. काकांना पटलं असं नाही, पण जेवायला ते त्याच गोलात बसले.

जेवण खालच्या किचनमधून, वरण बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, बट्टी तुपात नीट बुडवलेली, भाजी जरा तिखट पण वाटीभर जास्त मागितली तर हसून दिली.

आता तक्रारी. बायकांसाठी एकच टॉयलेट, 30 बायका होत्या, फार गैरसोय झाली. लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांना दोन मजले चढावे लागतात. माईक खरखर करतो, आम्ही बंदच करून टाकला. पार्किंग रस्त्यावरच.

दुपारी जागेच्या कलमावर चर्चा चालू होती, म्हणजे बेकायदा कृत्यासाठी वापरली म्हणून कलेक्टर एखादी जागा जाहीर करून ताब्यात घेऊ शकतात ते. दादा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे, ऐकत होते. मग ट्रे खाली ठेवून त्यांनी ती झेरॉक्स मागितली, रिकाम्या खुर्चीवर बसले आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचली, दोनदा. माझ्या पोटात गोळा आला होता, म्हटलं आता उठवतात. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, म्हणाले "हा मी ठेवतो, आमच्या हॉलवाल्यांच्या मीटिंगमध्ये दाखवतो", आणि चहा वाटायला लागले.

पुढच्या महिन्याचं बुकिंग तिथंच केलंय.