गोव्याचा घाट, मागं ट्रेलर: ऑटोमॅटिक पिकअपला कोणता ट्रान्समिशन कूलर घ्यावा

ट्रान्समिशन कूलर म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल नळ्यांनी बाहेर आणून गार करणारी जाळी. आधी एक गोष्ट साफ करू. गाडी मॅन्युअल असेल तर कूलरवर एक रुपयाही घालू नका. बेळगाव-खानापूर भागात माल ओढणाऱ्या बहुतेक गाड्या मॅन्युअलच आहेत. त्यांच्या गिअरबॉक्समधलं ऑइल बाहेर फिरत नाही, नळ्याच नाहीत, मग कूलर जोडणार कशाला? एएमटीचंही (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं) तेच. तिथं आत क्लच असतो, चढाला तो जळतो, आणि कूलर हा त्यावरचा इलाज नव्हे. 'टोइंग किट' म्हणून अशा गाड्यांनाही कूलर गळ्यात मारणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढं जावं.

प्रश्न आहे तो टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद पुढं देणाऱ्या) ऑटोमॅटिकचा: व्ही-क्रॉस, हायलक्स, फॉर्च्युनर. मागं बोट, कॉम्प्रेसर किंवा जीप लादलेला ट्रेलर लावून गोव्याहून चोर्ल्याचा नाहीतर अनमोडचा घाट चढायला लागलं की कन्व्हर्टर लॉक होत नाही, आतल्या आत घसरत राहतो आणि ती सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. वेग १५-२०चा, म्हणजे समोरून वाराही नाही. हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं रांगायला लागलं, तर सपाटीलाही हेच होतं. ऑइलचं तापमान ८० ते ९५ अंश असलं की गाडी सुखात आहे. चढाला थोडा वेळ ११० चालून जातं. १२०च्या वर ऑइल झपाट्यानं खराब होतं आणि आतले रबरी सील कडक पडू लागतात. म्हणून कूलर घ्यायच्या आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून भरल्या ट्रेलरचा एक घाट चढून बघा. आकडा १००च्या आत राहत असेल तर पैसे वाचले.

बाजारात तीन प्रकार मिळतात. ट्यूब-फिन सगळ्यात स्वस्त: एकच लांब नळी नागमोडी वळवलेली, वर पातळ पत्रे. कडेचं ऑइल गार होतं, मधलं तसंच गरम निघून जातं. हलक्या ओझ्याला ठीक, घाटासाठी नाही. प्लेट-फिन त्याहून बरा, कारण ऑइल अनेक चपट्या वाटांनी एकदम जातं. आमची पसंती स्टॅक्ड प्लेटला. त्यात प्रत्येक थरात ऑइल घुसळलं जातं, त्यामुळं तेवढ्याच जागेत जास्त उष्णता बाहेर पडते. साधारण ११ इंच रुंद, साडेसात इंच उंच आणि दीड इंच जाड कूलर या गाड्यांना पुरतो, पण मागवण्याआधी ग्रिलमागची जागा टेपनं मोजा. खोक्यावरचा पौंडातला आकडा (किती वजनाच्या गाडीला कूलर पुरेल तो) प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबानं छापते. एकाच कंपनीचे दोन कूलर तोलायला तो उपयोगी, दोन कंपन्यांचे नाही. जवळजवळ थांबूनच चढायचं असेल तर थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या पंख्याचा कूलर घ्या. वारा नसेल तर मोठी जाळीही नुसती शोभेची.

बसवताना कूलर परतीच्या नळीवर जोडायचा: गिअरबॉक्समधून रेडिएटर, तिथून नवा कूलर, तिथून परत गिअरबॉक्स. परतीची नळी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ते नसेल तर गार गाडी सुरू करून दोन्ही नळ्यांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, आधी तापते ती जाणारी. काही गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅट असतो, तो ऑइल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवतो, तिथं ऑइल पुरतं तापल्याशिवाय काहीच कळत नाही. रेडिएटर पूर्ण वगळावा असं काहीजण सांगतात. जुन्या गाडीत त्याला अर्थ आहे: रेडिएटरच्या आतला कूलर फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, गुलाबी ताकासारखा फेस होतो आणि गिअरबॉक्स जातो. पण रेडिएटर चांगला असेल तर राहू द्या. सावकाश चढाला इंजिनच्या पंख्याच्या जोरावर तोही बरंच ओढून घेतो.

खरा घोळ नळीत होतो. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक होज (नळी) प्रेस करून मिळतो, दिसायला दणकट, दाबालाही पक्का. पण त्यातला साधा, आर१ प्रतीचा होज १०० अंशांपर्यंतचाच असतो, आणि घाटात इथलं ऑइल त्याच्या वर जातं. काही महिन्यांत आतलं रबर कडक होऊन चिरतं. डिझेलची नळी तर अजिबात नको. एसएई जे१५३२ छापलेला ट्रान्समिशन होजच मागा. गाडीची लोखंडी नळी कापली तर टोकाला फुगीर कड काढून घ्या, नाहीतर गरम होज सरकून निघतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर. होज निदान एक इंच आत सरकवून मग क्लॅम्प आवळायचा.

कूलर एसीच्या कंडेन्सरपुढं साधारण एक सेंटिमीटर सोडून पट्ट्यांवर बसवा. किटमध्ये जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या काड्या येतात, त्या फेकून द्या. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यानं त्या कंडेन्सरला घासून भोक पाडतात. स्टॅक्ड प्लेटचे निपल (नळ्या जोडायची तोंडं) वर किंवा बाजूला ठेवा, खाली नको, हवा अडकते.

कूलर आणि नळ्या मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास ऑइल गिळतात. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी ठरलेल्या तापमानाला, गाडी सपाट आणि इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लो प्लगमधून बघायची असते. अंदाजानं ओतू नका. ऑइलही कंपनीनं सांगितलेलंच घ्या. टोयोटाला डब्ल्यूएस प्रतीचं ऑइल लागत असेल तर 'सगळ्याला चालतं' वाला डबा परत करा.

घाटात आकडा १३०कडे गेला तर बाजूला घेऊन न्यूट्रल करा आणि इंजिन चालूच ठेवा. बंद केलं की पंप थांबतो आणि गरम ऑइल कन्व्हर्टरमध्येच शिजत बसतं. गिअरबॉक्स आधीच फुटला असेल तर जुना स्टॅक्ड प्लेट कूलर नव्या गिअरबॉक्सला लावू नका. थरांत अडकलेला धातूचा चुरा धुऊन निघत नाही.

उसाचं पाचट, पावसाळ्यात कणकुंबीकडचा लाल चिखल आणि कीटक यांनी जाळी बुजते. हंगाम संपला की ग्रिल काढून मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळ नेऊ देऊ नका, फिन आडव्या होतात.