रक्तातला डीएनए की मॅमोग्राफी? चाळिशीनंतरचा एक हिशोब

स्तनात हाताला गाठ लागत असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल तर हा लेख सोडा आणि डॉक्टर गाठा. कसलीच तक्रार नसताना स्तनाच्या कॅन्सरची तपासणी करायची आहे आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) की नवी रक्ततपासणी ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. मी दोन्हींची चौकशी केली होती.

मोह रक्ताचाच जास्त होता. कपडे काढायला नकोत, दाबादाबी नको, आणि एका सुईत अनेक कॅन्सर बघून होतात. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, त्यांतले गाठीचे कोणते ते मिथिलेशनच्या, म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांवरून ओळखतात. अमेरिकेची ‘गॅलरी’ ही तपासणी यातली गाजलेली. आपल्याकडे स्ट्रँड कंपनीची ‘कॅन्सरस्पॉट’ २०२४च्या डिसेंबरात आली. (नाशिकच्या दातार कंपनीची तपासणी वेगळी, ती रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी शोधते.) गॅलरी उगाच घाबरवतही नाही: २०२१च्या अभ्यासात कॅन्सर नसलेल्या दोनशेंत एखाद्यालाच चुकून पॉझिटिव्ह ठरवलं. पण त्याच अभ्यासात पहिल्या टप्प्यातले सगळे कॅन्सर मिळून जेमतेम १६.८ टक्के सापडले, आणि स्तनाचे त्याहूनही बरेच कमी. लहान गाठ रक्तात फारसं काही सोडतच नाही.

तरीही मी डळमळत होते. निकाल लागला तो रक्ततपासणीचा रिपोर्ट कसा असतो याचा एक नमुना मागवून वाचल्यावर. वर ठळक अक्षरांत ‘संकेत आढळला नाही’, आणि तळाशी बारीक टाइपात ‘नेहमीची स्क्रीनिंग चालू ठेवा’. म्हणजे निगेटिव्ह आला तरी मॅमोग्राफी आहेच. पॉझिटिव्ह आला तर गाठ नेमकी कुठे ते बघायला पुन्हा तेच मशीन! मग एवढे पैसे मोजून मी मिळवणार काय?

मॅमोग्राफी सुखाची नाही. दुखतं. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात गेलं तर मला जरा सुसह्य वाटतं. पावडर-डिओ लावून जाऊ नका, त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. माझ्या स्तनांची घनता जास्त निघाली, त्यात गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून वर सोनोग्राफीही करावी लागली, आणि मधली रात्र वाईट गेली. पण जुन्या फिल्म्स जपून ठेवा. रेडिओलॉजिस्ट बाईंनी माझी आधीची फिल्म शेजारी लावली, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हा तेव्हाही एवढाच होता.” असलं उत्तर मला रक्ताच्या रिपोर्टात मिळालं नसतं.

मशीन परवडत नसेल तर निदान प्रशिक्षित हाताकडून तपासून घ्या. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं केलेल्या अभ्यासात तेवढ्यानेही पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. रक्ततपासणीला असं काही अजून दाखवता आलेलं नाही.

आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर गणित वेगळं, तिथे बीआरसीए जनुकाबद्दल (त्यातला दोष घराण्यात उतरतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो) डॉक्टरांशी बोला. आणि मॅमोग्राफी करून झाल्यावर, हाताशी पैसा असेल तर, स्वादुपिंडासारख्या ज्यांना नेहमीची स्क्रीनिंगच नाही अशा कॅन्सरसाठी कुणी रक्त दिलं तर मी अडवणार नाही. मॅमोग्राफीच्या ऐवजी मात्र नको.