थेंब घालून की नुसता फोटो?

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला साखर निघाली. फिजिशियनने गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि शेवटी ‘डोळ्यांचा पडदा तपासून घ्या’ असंही लिहून दिलं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्याकडे आला, कारण आमच्या मजल्यावर साखरेतला सर्वांत जुना मीच. त्याचा प्रश्न सरळ होता. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून अर्धा दिवस वाया घालवायचा, की हल्ली थेंबांशिवाय पडद्याचा फोटो काढतात तो काढून मोकळं व्हायचं?

मी दोन्ही केलंय. सुरुवातीची काही वर्षं थेंब, मग सलग दोन वर्षं फोटो आणि आता परत थेंब.

फोटोचं सुख खोटं नाही. फोर्टातलं ऑफिस सुटल्यावर चालत जवळच्या एका तपासणी केंद्रात गेलो, अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवली, लख्खकन फ्लॅश पडला आणि दहा मिनिटांत बाहेर. नेहमीची गाडीही चुकली नाही. शिवाय आपलाच पडदा कागदावर बघायला मिळतो, नारिंगी गोळ्यावर पसरलेल्या शिरा. दर वर्षीचे फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते. नुसत्या थेंबांच्या तपासणीत हातात उरतं ते केसपेपरवरचं डॉक्टरांचं अक्षर, आणि ते वाचायला डोळे कितीही चांगले असले तरी पुरत नाहीत.

मग मी परत का फिरलो? डाव्या डोळ्यामुळे.

दोन्ही वर्षी उजव्या डोळ्याचा फोटो स्वच्छ आला आणि डाव्याचा काळपट. पहिल्या वर्षी तंत्रज्ञ मुलीने तीनदा प्रयत्न केला, दर वेळी पाच मिनिटं अंधारात बसवून ठेवलं. मला वाटलं, डाव्या डोळ्यातच काहीतरी बिघडलंय. तसं नव्हतं. एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात, शरीराची रचनाच तशी आहे. पहिला डोळा बेसावध सापडतो, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत त्याने दार लावून घेतलेलं असतं. तरुण माणसाची बाहुली अंधारात पटकन परत मोठी होते. पन्नाशी ओलांडलेल्याची, त्यातून मधुमेहीची, मुळातच लहान असते आणि उघडायला वेळ लावते. दुसऱ्या वर्षी रिपोर्टच आला : डाव्या डोळ्याचा फोटो वाचण्याजोगा नाही, बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. म्हणजे पैसे भरून, आठवडाभर थांबून, जे टाळायला गेलो तेच करायला परत रजा. तपासणीचा कंटाळा मला नाही, पण ‘पुन्हा या’ हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

याच्यावर आणखी एक. नेहमीच्या कॅमेऱ्यात एका फोटोत साधारण ४५ अंशांचा तुकडा येतो, पडद्याचा मधला भाग. मधुमेहाची पहिली पडझड बहुतेकदा तिथेच दिसते, त्यामुळे चाळणी म्हणून हे ठीक आहे. पण माझा नंबर मायनस साडेतीन. मायनसवाल्यांचा पडदा कडेला विरलेला किंवा फाटलेला असू शकतो आणि ती कड या फोटोत येतच नाही. पडदा सुजून जाड झालाय का, हेही सपाट चित्रावरून नीट कळत नाही. इंग्लंडमध्ये मधुमेहींच्या डोळ्यांची सरकारी तपासणी फोटोवरच चालते, पण फोटोच्या आधी थेंब घालतात. हे कळल्यावर मी मनातल्या मनात निकाल दिला होता. अर्थात सगळ्यांचे डोळे माझ्यासारखे नसतात, हेही मी त्या मुलाला सांगितलं.

आता थेंबांबद्दल. अर्धा दिवस जातो, खरंय. आपल्यासारख्या गडद बुबुळांवर औषध जरा सावकाश चढतं, त्यामुळे वीस मिनिटं म्हणतात तिथे मी चाळीस धरतो. मधुमेहीची बाहुली थेंबांनीही पूर्ण फुलत नाही, म्हणून दुसरा-तिसरा फेरा होतो. असर साधारण चार ते सहा तास टिकतो, कुणाकुणाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही.

सगळे घाबरवतात ते ‘जवळचं दिसत नाही’ म्हणून. माझ्या वयाला त्यात फारसं नवीन काही नाही. जवळ नजर स्थिरावण्याची ताकद चाळिशीनेच नेलेली असते, थेंब आणखी काय नेणार? मी चष्मा काढतो, मोबाईल नाकाशी धरतो आणि मेसेज वाचतो. मायनसवाल्यांची ही एक चैन आहे. तिशीतल्या, बिनचष्म्याच्या माणसाला मात्र हा धक्का मोठा बसतो. त्याला रिक्षाचे पैसे देताना पिनचे आकडेही धड दिसणार नाहीत. सुट्टे पैसे खिशात ठेवावेत.

माझा खरा वैरी उजेड. एकदा मे महिन्यात दादरला सकाळी अकराची वेळ घेतली होती. साडेबाराला बाहेर पडलो तर पुलावरून दिसणारे फलाटांचे पत्रे आरशासारखे पेटलेले. डोळे मिचकावत खाली उतरलो, इंडिकेटरकडे पाहिलं तर अक्षरांच्या जागी लाल धुरळा. समोर उभी होती त्या गाडीत चढलो. राहतो कांजूरमार्गला, गाडी फास्ट, उतरलो ठाण्याला. तेव्हापासून संध्याकाळी साडेचारची वेळ घेतो, जमल्यास जुलैमधली, ढगाळ. बाहेर पडेपर्यंत ऊन उतरलेलं असतं आणि उरलेला असर झोपेत जातो. रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांना झुपके फुटतात, पण मी गाडी चालवत नसतो. इंडिकेटरपेक्षा घोषणेवर भरवसा ठेवतो, जिन्यावर कठडा धरतो आणि टोपी घालतो. गॉगल चष्म्यावर बसत नाही, टोपी बसते.

सुरक्षिततेचा भाग मात्र घाईत उरकू नका, कारण गर्दीच्या ओपीडीत तिथेच घाई होते. एके ठिकाणी मदतनीस बाटली घेऊन बाकावरच्या रांगेतून फिरत होता, ‘वर बघा, वर बघा’ करत, कुणाला काही न विचारता. बाटलीचं टोक माझ्या पापणीला लागलं, आणि तीच बाटली पुढच्या आजींकडे गेली. आता मी टोक लागू देत नाही आणि थेंबांआधी तीन गोष्टी स्वतःहून सांगतो.

पहिली, रक्तदाब आणि हृदयाची औषधं. इथे सर्रास वापरतात त्या थेंबांत बऱ्याचदा ट्रॉपिकामाइड ०.८ टक्के आणि फिनाइलएफ्रिन ५ टक्के असं मिश्रण असतं. यातल्या दुसऱ्या औषधाने रक्तदाब वाढू शकतो. गेल्या वर्षी काउंटरवर माझा १६०च्या वर निघाला, तेव्हा डॉक्टरांनी साधं ट्रॉपिकामाइड घातलं. बाहुली जरा कमी फुलली, काम झालं. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटाने दाबून धरला की औषध घशात आणि रक्तात कमी उतरतं. घशाला कडू लागलं तर समजा, दाबायला उशीर झाला.

दुसरी, डोळ्याचा कोन, म्हणजे बुबुळाच्या कडेची डोळ्यातलं पाणी निचरा होण्याची जागा, अरुंद आहे का. काचबिंदूवर उपचार चालू असलेल्यांना लोक उगाच घाबरवतात. त्यांच्या डॉक्टरांना कोन माहीत असतो. धोका असतो तो अरुंद कोन असून ठाऊक नसलेल्यांना, आणि प्लस नंबरवाल्यांत असे जास्त. माझ्या मेहुणीला दिव्याच्या यंत्रावर बघूनच सांगितलं की आधी लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडू, मग थेंब. म्हणून आधी यंत्रावर तपासणी, मग थेंब, हा क्रम मागून घ्यावा. थेंब घातल्याच्या रात्री डोळा ठणकला, लाल झाला, डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली तर आपल्याकडे लगेच ‘पित्त झालं’ म्हणून सरबत देतात. ते पित्त नसू शकतं, कोन बंद होऊन डोळ्यातला दाब चढलेला असू शकतो. रात्रीच डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

तिसरी किरकोळ, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायच्या. मुलांचा हिशेब वेगळा. नंबर काढायला त्यांना कधी अॅट्रोपिन देतात, त्याचा असर आठवडा-दोन आठवडे राहतो. शाळेला कळवावं.

तर मग कुणी फोटो काढावा? वय कमी, नंबर नाही, मोतीबिंदू नाही, साखर नुकतीच निघालेली आणि थेंबांच्या भीतीने तपासणीच टाळणारा माणूस असेल तर फोटो काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीने बरा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा विजा चमकल्यासारखं दिसलं तर मात्र फोटोचा विचार नको. त्याच दिवशी थेंब.

आमचा सहकारी चौतिशीचा, चष्मा नाही. त्याला फोटो चालला असता, तसं मी म्हणालोही. त्याने थोडा वेळ भाजी चिवडली आणि विचारलं, ‘पण डाव्याचा नाही आला तर?’ येत्या शुक्रवारी साडेचारला त्याची थेंबांची वेळ आहे, परळला. परळला रिक्षा नाहीत, येताना टॅक्सीच. सोबत मी जाणार आहे. त्याची बाईक ऑफिसच्या खालीच राहील, चावी मी दुपारीच मागून घेणार आहे.