संध्याकाळची उंची, सकाळची उंची

माझा मुलगा 15 वर्षांचा आहे. त्याला पोलीस व्हायचंय. शिपाई भरतीत मुलांना किमान 165 सेंटीमीटर उंची लागते, हे त्याला तोंडपाठ. त्याची होती 156. वर्गातली मुलं एका मे महिन्यात वाढली, हा मात्र अजून पहिल्याच बाकावर. तोंडाने काही बोलायचा नाही, पण येता-जाता दाराच्या दांड्याला लोंबकळत राहायचा. मला ते बघवत नव्हतं.

लोकलच्या डब्यात चिकटवलेली उंची वाढवण्याची जाहिरात बघून मी फोन केला. दादर स्टेशनजवळची जुनी इमारत, पहिला मजला. शाळा, मग क्लास, तिथून थेट आम्ही दोघं संध्याकाळी साडेसातला पोचलो. पांढरा कोट घातलेल्या माणसाने भिंतीला उभं करून मोजलं : 155.4. मग म्हणाला, "ताई, हाडांच्या टोकांच्या पट्ट्या आता तीन महिन्यांत बंद होणार. मग देव आला तरी काही करू शकणार नाही." एक्स-रे नाही, रक्त तपासणी नाही, नुसतं बघून. कोर्स 18,500 रुपयांचा : पावडर, कॅप्सूल आणि पाठीला चोळायचं तेल. भिशी नुकतीच लागली होती, ते सगळे पैसे तिथेच दिले.

सहा आठवड्यांनी फोन आला. "रविवारी सकाळी आठला आणा. उठल्या उठल्या, उपाशीपोटी." या वेळी मोजलं तर 156.9! दीड सेंटीमीटर. पोराचा चेहरा असा फुलला की पुढच्या 24,000 च्या कोर्ससाठी मी तिथल्या तिथे 10,000 आगाऊ भरले.

डोळे उघडले ते सासूबाईंमुळे. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्या दर पाडव्याला नातवाची उंची पेन्सिलीने आखतात. त्या रविवारी रात्री त्यांनी त्याला चौकटीशी उभं केलं. जुन्या खुणेच्या जेमतेम वर. त्या म्हणाल्या, "अगं, मग दीड सेंटीमीटर गेलं कुठे?" दुसऱ्या दिवशी तो झोपेतून उठल्यावर पुन्हा मोजलं, तर खूण बोटभर वर सरकली होती!

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात हार्मोन्सच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. दिवसभर उभं राहून, दप्तर वाहून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री आडवं पडल्यावर पुन्हा फुगतात. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या उंचीत एक ते दोन सेंटीमीटरचा फरक कुणाच्याही अंगात पडतो. आम्हाला विकला तो हाच फरक. दुसरं असं, की या वयात मुलगा वाढतच असतो. वाढीचा जोर असतो त्या वर्षात मुलगे नऊ-दहा सेंटीमीटरही वाढतात. कुठलीही भुकटी द्या, तीन महिन्यांनी श्रेय तिलाच मिळणार.

पट्ट्यांची गोष्ट खोटी नाही, आणि म्हणूनच मी फसले. हाडांच्या टोकाला वाढीच्या कूर्च्याच्या पट्ट्या असतात. वयात आल्यावर त्या हळूहळू हाडात मिसळतात, मुलींच्या लवकर, मुलांच्या साधारण 16 ते 18 व्या वर्षापर्यंत. पण त्या किती उघड्या आहेत ते डाव्या हाताच्या पंजाच्या आणि मनगटाच्या साध्या एक्स-रेवरून कळतं, चेहऱ्यावरून नाही. माझ्या मुलाचं हाडांचं वय 14 निघालं, म्हणजे अजून जागा होती. घाई करण्यासारखं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी आमच्या दोघांची उंची विचारली. ह्यांची 163, माझी 150. मुलग्यासाठी दोन्हींच्या बेरजेत 13 मिळवून निम्मं करायचं (मुलगी असेल तर 13 वजा करायचे). उत्तर आलं 163, त्याच्या आठेक सेंटीमीटर वर किंवा खाली. उंचीचा मोठा वाटा आई-बापाकडूनच येतो. हे ऐकताना मुलगा खाली बघत होता. मलाही गलबलून आलं, पण निदान खरं तरी कळलं. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा जो सीलिॲक आजार असतो तो, सगळं तपासलं. यातलं काही बिघडलेलं असेल तर खरंच वाढ खुंटते आणि त्यावर खरे उपचार आहेत. पावडरीच्या नादात आपण नेमका तोच वेळ घालवतो.

माझ्या काळजाला लागलं ते कॅप्सूलचं. महिनाभरात त्याची भूक भलतीच वाढली, गाल फुगले, आणि मी "अंगाला लागतंय" म्हणून खूश होते! डबीवर ना घटक, ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक. डॉक्टर म्हणाले, अशा बेनामी गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि तेच जास्त दिवस पोटात गेलं तर उंची वाढायची सोडून खुंटते. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासून घेतलं; बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की ते कमी होतं. ते नीट आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुमचं मूल असं काही बरेच दिवस घेत असेल तर डबी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड एकदम तोडणंही धोक्याचं असतं.

उपचार म्हणून आम्हाला मिळाली झोप. पोरगा क्लासवरून साडेनऊला यायचा, मोबाइल घेऊन एक वाजवायचा, सहाला उठायचा. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटतं. आता दहाला दिवा बंद. सोबत डाळ, अंडी, दूध, आणि कमी निघालेल्या ड जीवनसत्त्वाचं औषध. लोंबकळायला मनाई नाही, पण त्याने हाडं लांबत नाहीत हे त्याला समजलंय.

पैसे मागायला गेले तर त्यांनी पावती पुढे केली. तिच्यावर "योग व आहार सल्ला" एवढंच लिहिलेलं, औषधाचं नावही नाही. भरताना मी ती वाचलीच नव्हती. पण उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. त्याच्या यादीत उंचीचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, आता वांद्र्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जायचंय. पावती, जाहिरातीचा फोटो आणि उरलेल्या कॅप्सूलची डबी मी फेकलेली नाही. कपाटात वरच्या फळीवर एका पिशवीत बांधून ठेवली आहे.