मोहो, स्पाइन आणि राइव्ह: दिवाळीपासून रोज वापरल्यावरचा अनुभव

मोहो प्रो, स्पाइन प्रोफेशनल आणि राइव्ह ही २डी ॲनिमेशनची तिन्ही सॉफ्टवेअर मी गेल्या दिवाळीपासून रोज वापरतोय. पुण्यात आमची छोटी टीम आहे, चित्रं एक मैत्रीण काढते, रिगिंग (चित्राला हलवता येणारी हाडं बसवणं) आणि ॲनिमेशन माझ्याकडे, कोडिंग तिसऱ्याकडे. काम असं आलं की एकच कॅरेक्टर तीन ठिकाणी लागणार होतं, टीव्हीसाठी छोट्या छोट्या गोष्टी, मुलांचा मोबाइल गेम आणि त्या गेमची वेबसाइट. कॅरेक्टर म्हणजे वासुदेव. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या. ज्याने कधी रिगिंग केलंय त्याला एवढ्यावरून कळेल काम किती आहे ते, कारण वासुदेव गिरकी घेतो आणि गिरकी घेतली की पिसं आणि अंगरख्याचा घेर दोन्ही जरा उशिरा मागून येतात.

डिप्लोमा संपवलेली मुलं नेहमी विचारतात, बेस्ट सॉफ्टवेअर कुठलं? मी त्यांना आधी हे विचारतो की तुझी फाइल शेवटी चालणार कुठे. टीव्हीला व्हिडिओ जातो, म्हणजे आत तुम्ही काय वाटेल ते करा, रेंडर होऊन व्हिडिओ तयार झाला की विषय संपला. गेम आणि वेबवर तसं नसतं, तिथे ॲनिमेशन समोरच्याच्या फोनवर त्या क्षणी चालतं, म्हणून तिथे एडिटरइतकाच त्याचा रनटाइम, म्हणजे समोरच्याकडे ते ॲनिमेशन चालवणारा कोड, बघावा लागतो. निवड इथेच होते, फीचरच्या याद्या नंतर वाचा.

टीव्हीचं सगळं मोहोमध्ये केलं. आधी हेच ॲनिमे स्टुडिओ नावाने विकलं जायचं, मधली काही वर्षं दुसऱ्या कंपनीकडे होतं आणि आता परत मूळ लॉस्ट मार्बलकडे आलंय. यातलं स्मार्ट बोन हे प्रकरण मला मनापासून आवडतं. हात कोपरात वाकवला की बाहीचा आकार चेपतो, हे सगळ्याच कटआउट (सुटे तुकडे जोडून हलवायच्या) ॲनिमेशनचं दुखणं. मोहोत तुम्ही ते हाड नव्वद अंशात वाकवता, बाहीचे पॉइंट हाताने ओढून नीट करता, आणि पुढे ते हाड जेव्हा जेव्हा वाकेल तेव्हा ती दुरुस्ती आपोआप लागते. मान वळवायलाही हेच, एक बाजूचं हाड डायलसारखं फिरवलं की नाक, डोळे, टोपी सगळं एका लयीत वळतं. पिसांना बोन डायनॅमिक्स लावलं, त्यात स्प्रिंग (किती उसळावं) आणि डॅम्पिंग (किती लवकर थांबावं) यांचे आकडे पिसागणिक थोडे थोडे वेगळे दिले, नाहीतर सगळी पिसं कवायतीला उभी असल्यासारखी एकदम हलतात.

टीव्हीवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो, प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवा. मोहोत येणारा २४ चा आकडा बदलायचा राहिला आणि नंतर २५ करायची वेळ आली तर एकतर चार टक्के वेग वाढवा नाहीतर सेकंदाला एक फ्रेम दुप्पट करा, आणि चिपळ्यांच्या तालावर काम असेल तर दोन्ही खटकतं. आणि चॅनेल इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी दाखवला जाणारा) व्हिडिओ मागत असेल तर बारीक आडव्या रेषा टाळाच. टोपीच्या पट्टीवर आधी सुंदर बारीक नक्षी होती, अशी नक्षी इंटरलेस्डमध्ये लुकलुकते, म्हणून टीव्हीच्या व्हर्जनला ती जाड केली.

लिपसिंकचं, म्हणजे आवाजाप्रमाणे ओठ हलवण्याचं, मराठीत काय, हा प्रश्न खूप जणांना असतो. आम्ही ऱ्हुबार्ब नावाचं फुकटचं छोटं टूल वापरतो, कमांड लाइनवर चालतं, त्यात फोनेटिक रेकग्नायझर (शब्द नाही, नुसते ध्वनी ओळखणारा) निवडला की भाषा कुठली याने फरक पडत नाही, आणि कुठल्या फ्रेमला तोंडाचा कुठला आकार हे सांगणारी, मोहोला चालणारी स्विचची डॅट फाइल ते देतं. अर्थात तेवढ्यावर सोडू नका. प, ब, म ला ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, आणि 'ळ' ला जीभ वर वळलेली दिसली पाहिजे, त्यासाठी आम्ही तोंडाचा एक वेगळा आकारच काढला. हे दोन हाताने तपासले की मराठी मराठी वाटतं, नाहीतर डब केल्यासारखं दिसतं.

आता गेम. लोक म्हणतात मोहोतूनच पीएनजी फ्रेम काढ आणि स्प्राइट शीट कर, म्हणजे सगळ्या फ्रेम एका मोठ्या चित्रात मांड. हिशोब करून बघा. ५१२ बाय ५१२ ची एक फ्रेम कॉम्प्रेस न करता मेमरीत १ एमबी घेते. दोन सेकंदांची गिरकी २४ फ्रेमने म्हणजे ४८ फ्रेम, ४८ एमबी, आणि ही फक्त गिरकी, चालणं, बसणं, दान घेणं अजून बाकीच. स्पाइनमध्ये वासुदेवाचे सगळे तुकडे १०२४ बाय १०२४ च्या एका ॲटलासमध्ये, म्हणजे सुटे तुकडे मांडलेल्या एकाच चित्रात, बसले, तो ४ एमबी, आणि मग ॲनिमेशन कितीही करा, वाढतो फक्त हाडांचा डेटा, तो किरकोळ असतो. स्वस्तातले फोन वापरणारी मुलं डोळ्यासमोर असतील तर या एका गोष्टीवर निर्णय होतो.

स्पाइन घ्यायचं तर प्रोफेशनलच घ्या. इसेन्शियल या दुसऱ्या आवृत्तीत मेश (चित्रावरची वाकवता येणारी जाळी) आणि वेट (कुठलं हाड त्या जाळीला किती ओढेल ते) नाहीत, आणि त्याशिवाय अंगरख्याचा घेर कापडासारखा वागतच नाही, पुठ्ठ्यासारखा फिरतो. ४.२ पासून फिजिक्स कन्स्ट्रेंट आलंय, त्यामुळे पिसांची हालचाल कीफ्रेम लावून हाताने करावी लागत नाही, गेममध्ये पोरांनी वासुदेवाला कसंही पळवलं तरी पिसं त्या त्या वेळी बरोबर मागे झुकतात, हे बघताना अजूनही मजा येते. दोन गोष्टी मात्र भिंतीवर लिहून लावा. एक, एडिटरचं आणि रनटाइमचं व्हर्जन जुळलं पाहिजे, ४.२ चा एक्स्पोर्ट ४.१ च्या रनटाइममध्ये चालत नाही, म्हणून प्रोजेक्ट मध्यावर असताना अपडेट करू नका. दुसरं म्हणजे कडांवरची काळी रेघ. पिसांसारख्या मऊ कडा असल्या की हे हमखास येतं, कारण पॅक करताना अल्फा (पारदर्शकता) एका प्रकारचा, म्हणजे प्रीमल्टिप्लाय (रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेला), आणि युनिटी या गेम इंजिनमधलं मटेरियल दुसऱ्या प्रकारचं. युनिटीत लिनिअर कलर स्पेस असेल तर प्रीमल्टिप्लाय बंद, ब्लीड (कडेचा रंग पारदर्शक भागात पसरवणं) चालू आणि मटेरियलला स्ट्रेट अल्फावर टिक, एवढं केलं की रेघ जाते.

वेबसाइटला राइव्ह. इथे काम कमी होतं, वासुदेव पानावर उभा राहतो, कर्सर जिकडे तिकडे मान, क्लिक केलं की चिपळ्या वाजवतो. लॉटी या फाइल फॉरमॅटनेही वेबवर ॲनिमेशन छान जातं, पण ते सहसा आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधून बनवायचं आणि कशावर काय व्हायचं हे बहुतेक कोडिंगवाल्याच्या गळ्यात. राइव्हमध्ये स्टेट मशीन एडिटरमध्येच आहे, उभा, बघतोय, वाजवतोय या अवस्था आणि त्यांच्यामधल्या बाणांच्या अटी मीच लावल्या, आमच्या कोडिंगवाल्याने फक्त फाइल लावली. ॲनिमेटरच्या हातात एवढं काम राहणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. ब्राउझरला आधी रनटाइम डाउनलोड करावा लागतो हे लक्षात असू द्या, एखादं छोटं आयकॉन हलवायला एवढा पसारा नको, तिथे साधं सीएसएस पुरतं.

मग हार्मनी का नाही घेतलं? टून बूम हार्मनीवर मी आधी नोकरीत काम केलंय, मोठ्या सिरीजसाठी ते दमदार आहे, त्याचं नोड व्ह्यू (रिगचे भाग एकमेकांना कसे जोडलेत त्याचा नकाशा) एकदा कळलं की गुंतागुंतीची रिग तिथे जास्त स्वच्छ राहते. नोकरी टीव्ही स्टुडिओत करायची असेल तर तेच शिका. आमच्यासारख्या तिघांच्या टीमला कायमची वर्गणी जड जाते, मोहो आणि स्पाइनला एकदाच पैसे भरले की झालं. मोहोचं पुढचं मोठं व्हर्जन आलं की अपग्रेडचे पैसे वेगळे, पण जुनं बंद पडत नाही. स्पाइनमध्ये अपडेट त्यातच येतात, फक्त कंपनीची वर्षाची उलाढाल पाच लाख डॉलरच्या वर असेल तर एंटरप्राइझचं लायसन्स लागतं.

पैसेच नसतील तर फ्रेम बाय फ्रेम हाताने काढायला ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल किंवा ओपनटून्झ बिनधास्त वापरा, दोन्ही फुकट आहेत आणि ओपनटून्झ ज्या टून्झवरून आलं ते जपानमधल्या घिबली स्टुडिओत वापरलं गेलंय, म्हणजे विद्यार्थ्यांचं खेळणं नाही ते. गेमकडे जायचं असेल तर स्पाइनचा ट्रायल उतरवून घ्या, त्यात सेव्ह आणि एक्स्पोर्ट होत नाही पण बाकी सगळं उघडं आहे. सोबत येणारे नमुना प्रोजेक्ट उघडून त्यांची हाडं आणि वेट कसे लावलेत ते एकेक मेश निवडून बघा, मी झगे-पदर हलवायला तिथूनच शिकलो.