असिंक्रोनस, असमकालिक की अतुल्यकालिक? गावासाठी मराठीत लिहिताना कोणता शब्द घ्यावा

२०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या मुलीच्या फोनवर तिच्या अभ्यासक्रमाची सूचना आली : ‘अतुल्यकालिक अध्ययन साहित्य उपलब्ध आहे.’ ती रोज दहाच्या ठोक्याला फोन घेऊन गच्चीवर उभी राहायची, कारण रेंज तिथंच यायची आणि मॅडम लाइव्ह येतील असं तिला वाटत होतं. चार दिवसांनी मला विचारायला आली, ‘काका, अतुल्य म्हंजे ज्याच्यासारखं दुसरं नाई तेच नं?’ सूचनेला सांगायचं होतं इतकंच, की धडे रेकॉर्ड करून ठेवलेत, जमेल तेव्हा बघा. एका शब्दापायी पोरीचे चार दिवस गेले.

मी आर्वीकडच्या खेड्यांत वायरमनचं काम शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी टिपणं लिहितो. ‘असिंक्रोनस’ला मराठीत काय म्हणावं हा प्रश्न मला वरचेवर पडतो, आणि असं लिहिणाऱ्या इतरांनाही पडत असणार. म्हणून हाती असलेले पर्याय इथं शेजारी शेजारी ठेवतो.

आधी अर्थ. शब्द मूळचा ग्रीक. ‘सिन’ म्हणजे सोबत, ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, आणि पुढचा ‘अ’ नकाराचा, आपल्या ‘अशक्य’मधल्यासारखाच. एका घड्याळाला बांधलेलं नाही ते असिंक्रोनस. उशीर झाला असा त्याचा अर्थ नाही आणि बिघाड झाला असाही नाही. ‘कालबाह्य’ आणि ‘कालविसंगत’ हे तर वेगळेच शब्द; पहिला जुनाट झालेल्या गोष्टीसाठी, दुसरा चुकीच्या काळात दाखवलेल्या गोष्टीसाठी. ते इथं आणू नयेत.

बिघाड नाही हे विहिरीवरच्या पंपाइतकं नीट दुसरं काही सांगत नाही. थ्री फेज मोनोब्लॉकच्या (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या पंपाच्या) प्लेटवर बहुतेक वेळा २८८० च्या आसपास आर.पी.एम., म्हणजे मिनिटाला फेरे, लिहिलेले असतात. आपली वीज ५० हर्ट्झची. मोटर दोन पोलची असेल तर आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मात्र २८८० च घेतो. मधले १२० फेरे म्हणजे स्लिप, इथं चार टक्के. रोटर क्षेत्राच्या अगदी बरोबरीनं फिरू लागला तर त्याच्या सळ्यांना क्षेत्र बदलतंय असं जाणवणारच नाही, त्यांत करंट तयार होणार नाही आणि जोरही लागणार नाही. मागं राहतो म्हणूनच तो फिरतो. याच कारणानं इंडक्शन मोटरला असिंक्रोनस मोटर म्हणतात. रात्रीच्या पाळीत व्होल्टेज पडलं की पाणी ओढण्यासाठी तो आणखी मागं पडतो, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. मुलांना मी हे सांगतो तेव्हा ‘असमकालिक’ म्हणत नाही. वर्कशॉपमध्ये सगळे स्लिप आणि इंडक्शनच म्हणतात, तेच ठेवावं.

आता त्याच पंपाचा मोबाइल स्टार्टर घ्या, म्हणजे फोनवरून पंप चालू-बंद करणारा डबा. त्यातलं सिमचं मॉड्यूल आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलतात तेही बहुतेक असिंक्रोनस पद्धतीनं. पण इथं अर्थाला वेगळं वळण आहे. मोटरमध्ये दोन वेग वेगळे असतात. इथं दोन्हीकडचा वेग आधीच ठरवून सारखा ठेवावा लागतो, उदाहरणार्थ ९६०० बॉड, म्हणजे इथं सेकंदाला तितके बिट. फक्त ठोका देणारी सामाईक तार नसते, म्हणून प्रत्येक अक्षराच्या आधी सुरुवातीची खूण म्हणून स्टार्ट बिट आणि शेवटी संपल्याची खूण म्हणून स्टॉप बिट लागतो. प्रोग्रामिंगमधलं असिंक्रोनस आणखी निराळं : काम सोपवून द्यायचं, उत्तराची वाट पाहत थांबायचं नाही, पुढचं काम हाती घ्यायचं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत २०१७ पासून यासाठी ‘असिंक’ हा शब्दच आला. तो कोडमध्ये इंग्रजीतच टाइप करावा लागतो, म्हणून टिपणात त्याचं भाषांतर करून विद्यार्थ्याला दोन शब्द लक्षात ठेवायला लावू नयेत.

शेतातही हीच गोष्ट आहे, पण तिथं या तिन्ही शब्दांची गरज नाही. कपाशीची बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून तर पहिली वेचणी, दुसरी वेचणी आणि पुढं फरदड, म्हणजे तेच पीक राखून घेतलेला मागाहूनचा कापूस. मुगाच्या शेंगाही मागेपुढे पिकतात. यंत्रानं वेचणी करायची तर बोंडं शक्य तितकी एकाच वेळी फुटणारं वाण हवं. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये नर आणि मादीचा फुलोरा जुळावा म्हणून एकाची पेरणी काही दिवस आधी करतात. मक्याला ऐन फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला तर तुरा येतो, पण कणसाचे केस मागाहून येतात आणि दाणे कमी भरतात. ‘मागेपुढे फुटतं’, ‘फुलोरा जुळत नाही’ असं आपली माणसं म्हणतातच. शेतीच्या माहितीपत्रकात ‘असमकालिक पक्वता’ लिहिणाऱ्यानं एकदा ते वाक्य धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून मोठ्यानं वाचून पाहावं.

आता शब्द. ‘अतुल्यकालिक’ हिंदीच्या वाटेनं आला. हिंदीत सिंक्रोनसला ‘तुल्यकालिक’ म्हणतात, त्याचा हा नकार. हिंदीत तो चालत असेल, मराठीत ‘अतुल्य’ म्हटलं की कानाला ‘अजोड’च ऐकू येतं. माझ्या मते तो मराठीत वापरूच नये.

‘असमकालिक’ घडणीनं चांगला आहे. सम, काल आणि नकार हे तिन्ही तुकडे वाचणाऱ्याला ओळखीचे. अडचण एकच. ‘समकालीन’ हा शब्द आपल्याकडं एकाच काळात होऊन गेलेल्या माणसांसाठी रुळलेला आहे, त्यामुळं घाईत वाचणारा ‘असमकालीन’ असं वाचतो आणि दोन पिढ्यांची गोष्ट समजतो. पाठ्यपुस्तक किंवा मोठा लेख लिहीत असाल आणि सिंक्रोनससोबत त्याची जोडी दाखवायची असेल, तर ‘समकालिक–असमकालिक’ घ्यावं. पहिल्या वेळी एक ओळ अर्थाची द्यावी, ‘एका घड्याळाला न बांधलेलं’ एवढी पुरते. ‘विषमकालिक’ही कुठं कुठं दिसतो, पण त्यात कालखंडच लहानमोठे असावेत असा भास होतो.

‘असिंक्रोनस’ तसाच ठेवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. विद्यार्थ्याला उद्या मोटरचं कॅटलॉग वाचायचंय, नोकरीच्या मुलाखतीत उत्तर द्यायचंय. तिथं त्याला हाच शब्द भेटणार. देवनागरीत लिहावा, उच्चार कळेल असा. फक्त मोटर, तार आणि कोड या तिन्हींत तो काय काय सांगतो हे वेगवेगळं उलगडावं, एकच व्याख्या तिन्हीकडं चिकटवू नये.

आणि जिथं वाचणाऱ्याला शब्द शिकायचा नाही, काहीतरी करायचं आहे, तिथं तिन्ही शब्द बाजूला ठेवावेत. वर्गाची सूचना असेल तर मी असं लिहीन : ‘धडे रेकॉर्ड केलेले आहेत. लाइव्ह वर्ग नाही. रविवारपर्यंत केव्हाही बघा, प्रश्न ग्रुपवर लिहून ठेवा, उत्तर त्याच दिवशी येईलच असं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर लगेच का येत नाही, हे गच्चीवर उभ्या राहणाऱ्या त्या मुलीला त्यातूनच कळेल.